वास आला की अत्तर नको, गळतीची जागा शोधा

वाचकाचे पत्र: मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. वय ४९ वर्षे. तीन महिन्यांपूर्वी गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आणि खालचा जोड भरून यावा म्हणून पोटाच्या उजव्या बाजूला तात्पुरती इलिओस्टॉमी केली, म्हणजे लहान आतड्याचे तोंड पोटावर काढून मळासाठी तिथे पिशवी लावली. केमोच्या गोळ्या सुरू आहेत. दोन आठवड्यांपासून शाळेत जातो आहे. पिशवीला वास येतो असे मला सतत वाटते. पत्नी म्हणते की येत नाही, पण घरात उदबत्ती मात्र तीच लावते. पिशवी हवेने फुगते म्हणून एकाच्या सांगण्यावरून वरच्या बाजूला टाचणीने भोक पाडले आणि त्यावर चिकटपट्टी लावली. आत कापराची वडीही टाकून पाहिली. मळ कधी आसट भातासारखा, तर कधी निव्वळ पाण्यासारखा येतो. दिवसातून नऊ-दहा वेळा पिशवी रिकामी करावी लागते. शाळेत अडचण नको म्हणून सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळात मी पाणी पीत नाही आणि डबाही नेत नाही. पिशव्या महाग असल्यामुळे एक प्लेट (पिशवी कातडीला धरून ठेवणारी चिकट चकती) आठ दिवस वापरतो आणि कडेने चिकटपट्टी लावतो. रात्री दोनदा अंथरूण खराब झाले. पुढच्या महिन्यात पुण्याला पुतणीचे लग्न आहे. जावे की नाही?

सर, सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: लग्नाला अवश्य जा. मात्र त्यासाठी हाताशी असलेल्या महिन्याभरात काही सवयी बदलाव्या लागतील, आणि त्यांतली पहिली वासाशी संबंधित नाही. तुमच्या पत्रातले मला सर्वांत काळजीचे वाटलेले वाक्य टाचणीचे नाही, की कापराचेही नाही. सात तास पाणी न पिण्याचे आहे.

पाणी प्यायले नाही तर पिशवीत कमी येईल, हा हिशेब कागदावर बरोबर वाटतो, पण शरीरात तो जुळत नाही. लाळ, जठररस, पित्त आणि स्वादुपिंडाचा रस असे सगळे मिळून दिवसाला ७ ते ८ लिटर द्रव शरीर स्वतःच आतड्यात सोडत असते. त्यातला बराचसा लहान आतडे परत शोषून घेते आणि उरलेले पाणी व मीठ मोठे आतडे राखते. तुमच्या बाबतीत मोठ्या आतड्याला सध्या सुटी दिली आहे, त्यामुळे ते पाणी आणि त्याबरोबरचे मीठ थेट पिशवीत येते. तुम्ही पाणी बंद केले तरी हे येणे थांबत नाही. फक्त भरपाई थांबते आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो. इलिओस्टॉमीचे रुग्ण शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पुन्हा रुग्णालयात दाखल होतात, त्यामागे शरीर कोरडे पडणे हे फार मोठे कारण असते. माझ्या नोकरीच्या काळात असे अनेक रुग्ण मी सलाइन लावलेल्या अवस्थेत पाहिले आहेत, आणि त्यांतले बरेच जण तुमच्यासारखेच शिस्तीचे, दुसऱ्याला आपला त्रास होऊ नये म्हणून जपणारे होते.

म्हणून आधी मोजा. गणिताच्या शिक्षकाला हे सांगावे लागू नये, पण दिवसातून नऊ-दहा वेळा या आकड्यावरून मला काहीच कळत नाही, कारण प्रत्येक वेळी पिशवीत किती होते हे तुम्ही लिहिलेले नाही. खुणा असलेले एक प्लास्टिकचे मापपात्र केवळ या कामासाठी संडासात ठेवा, तीन दिवस प्रत्येक वेळी पिशवी त्यात रिकामी करा आणि वेळ, मिलिलिटर व दाटपणा वहीत लिहा. लघवी किती वेळा आणि कोणत्या रंगाची झाली, हेही शेजारच्या रकान्यात येऊ द्या. आतडे रुळल्यावर इलिओस्टॉमीतून दिवसाला साधारण ५०० ते ८०० मिलिलिटर मळ येतो आणि तो आसट भातासारखा किंवा सरसरीत पिठल्यासारखा असतो. चोवीस तासांची बेरीज १५०० मिलिलिटरच्या पुढे जात असेल तर तो जास्त प्रवाह समजावा आणि तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, पायांत गोळे येणे, तोंडाला कोरड पडणे, लघवी गडद आणि थोडी होणे यांपैकी काही होत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तुमच्या केमोच्या गोळ्यांनीही जुलाब होऊ शकतात. त्यामुळे मळ अचानक पाण्यासारखा झाला तर पुढची गोळी घेण्याआधी तुमच्या कर्करोगतज्ज्ञांना फोन करा. ही गोष्ट शाळा सुटेपर्यंत लांबवण्यासारखी नाही.

प्यायचे काय, याबाबतही एक गैरसमज असतो. मळ पातळ असताना तांब्यावर तांबे साधे पाणी पीत राहिल्यास आतड्यातले मीठ त्या पाण्यात ओढले जाते आणि बाहेर जाणारा प्रवाह उलट वाढतो. अशा दिवशी ओआरएस हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे पाकीट घ्यावे, ते १ लिटरचे आहे की २०० मिलिलिटरचे हे त्यावर वाचावे, पूर्ण पाकीट तेवढ्याच पाण्यात विरघळवावे आणि दिवसभर घोट घोट प्यावे. ओआरएसशी मिळतेजुळते नाव लावून विकली जाणारी खोक्यांमधली गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव छापण्यास मनाई केली, ती याच कारणाने. शहाळ्याचे पाणी चांगले असले तरी त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असते, त्यामुळे ते या कामाला पुरत नाही. उसाचा रस, शीतपेये आणि साखर घातलेले फळांचे रस यांनी मळ आणखी पातळ होतो. आपल्या घरातली मीठ घातलेली तांदळाची पेज आणि मीठ घातलेले ताक मात्र मनापासून घ्या. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मिठाचे प्रमाण तेवढे डॉक्टरांना विचारून ठरवा.

आता वासाकडे वळू. पिशवीचे प्लास्टिक साधे नसते. ते अनेक थरांचे असते आणि त्यातून वास बाहेर पडू नये अशाच रीतीने बनवलेले असते. पिशवी बंद असताना वास येत असेल, तर तो कोठून तरी निसटतो आहे, आणि निसटण्याच्या जागा मोजक्याच आहेत: प्लेटच्या खालून होणारी गळती, नीट न पुसलेले पिशवीचे तोंड, भिजलेला किंवा संपलेला फिल्टर (पिशवीतली हवा वास अडवून बाहेर सोडणारी जाळी), आणि तुमच्या बाबतीत टाचणीचे भोक. भोक पाडल्यावर पिशवीचा मुख्य गुणच गेला, आणि चिकटपट्टीने तो परत येत नाही. ती पिशवी आजच बदला. कापरानेही काही साधत नाही. कापूर, डांबरगोळी, फिनेल, अत्तर यांपैकी काहीही पिशवीत टाकू नये. स्टोमा, म्हणजे पोटावर काढलेले आतड्याचे तोंड, हे आतड्याचे ओले अस्तरच आहे, त्याला अशा पदार्थांनी इजा होते. जुने रुग्ण कधी कधी ॲस्पिरिनची गोळी टाकायला सांगतात. तिने तर स्टोमावर जखम होऊन रक्त येऊ शकते. काही घालायचेच असेल तर पिशवीसाठीच बनवलेले गंधनाशक थेंब मिळतात, ते रिकामी केल्यानंतर दरवेळी आत सोडावेत.

पिशवीच्या तोंडाची गोष्ट लहान वाटते, पण वासाच्या तक्रारी घेऊन आलेल्यांपैकी पुष्कळांचे उत्तर मला तिथेच सापडले आहे. रिकामी करताना आधी संडासाच्या भांड्यात टिश्यू पेपरचा एक तुकडा टाका, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. पिशवीचे तोंड वर धरून उघडा, त्याची कड मोज्याची दुमड काढावी तशी बाहेरच्या बाजूला उलटवा आणि मगच खाली सोडा. पिशवी रिकामी झाल्यावर टिश्यूने तोंडाचा आतला दोन बोटे भाग पुसा, मग ओल्या टिश्यूने पुन्हा पुसा, कड सरळ करा आणि नंतर दुमडून बंद करा. बहुतेक लोक बाहेरून पुसतात आणि आतली कड तशीच राहते. ती दुमडली की मळाची पातळ रेघ बाहेरच्या बाजूला येते आणि कपड्याला लागते. मग पिशवी स्वच्छ असूनही वास दिवसभर सोबत राहतो. पिशवी आतून पाण्याने धुण्याची गरज नसते. धुवायचीच झाली तर पाणी प्लेटपर्यंत पोहोचू देऊ नका, कारण त्याने चिकटपणा सैल होतो. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. अर्ध्याच्या वर जाऊ दिली तर वजनाने प्लेट ओढली जाते.

तुमची रात्रीची गळती मात्र दुसऱ्या कारणाची आहे असे मला वाटते. पुढच्या वेळी प्लेट काढल्यावर ती लगेच कागदात गुंडाळू नका. उलटी करा आणि उजेडात धरून पाहा. भोकाभोवती चिकट थर थोडा पांढरट व फुगलेला असणे स्वाभाविक आहे. पण एखाद्या बाजूला तो विरघळून त्यातून तपकिरी वाट कडेपर्यंत गेलेली दिसली, तर गळती तिथून होते आहे. घड्याळाच्या तबकडीप्रमाणे ती जागा लिहून ठेवा: चारवर, सहावर, नऊवर. दोन-तीन प्लेटांवर एकच आकडा आला तर खुर्चीत बसून आरशात पोटाची तीच बाजू पाहा. झोपलेले असताना सपाट दिसणारे पोट बसल्यावर दुमडते आणि बेंबीच्या किंवा टाक्याच्या व्रणाच्या दिशेने घडी पडते. त्या घडीत स्टोमा पेस्ट किंवा मऊ रिंगचा तुकडा भरावा लागतो. पेस्ट म्हणजे डिंक नव्हे, ती खळगा भरायची असते, आणि जास्त लावल्यास प्लेट उलट लवकर सुटते.

दुसरी शंका मापाची. शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे स्टोमा आक्रसत जातो. रुग्णालयातून निघताना दिलेल्या मापानेच तुम्ही अजून भोक कापत असाल, तर स्टोमा आणि प्लेट यांच्यामध्ये कातडीचे उघडे कडे राहते आणि लहान आतड्यातले पाचकरस ती कातडी अक्षरशः पचवू लागतात. कातडी ओली झाली की प्लेट धरत नाही, प्लेट धरली नाही की गळती वाढते. आता पुन्हा माप घ्या. अशा प्रकारच्या स्टोमाचा आकार बहुधा वर्तुळाचा नसून लंबवर्तुळाचा असतो, तेव्हा कंपास बाजूला ठेवा आणि पारदर्शक कागदावर बाह्यरेषा उतरवून २ ते ३ मिलिमीटर मोठे भोक कापा. कातडी लाल होऊन पाझरत असेल तर स्टोमा पावडर भुरभुरून जास्तीची झटकून टाका. स्वच्छतेसाठी कोमट पाणी आणि मऊ सुती कापड एवढेच पुरते. स्पिरिट, जंतुनाशक, तेलकट साबण किंवा खोबरेल तेल लावू नये. तेल लावलेल्या कातडीवर प्लेट टिकत नाही, हे आपल्याकडे घरोघरी सांगावे लागते. प्लेट लावण्याआधी दोन्ही तळहातांत मिनिटभर धरून ऊबदार करा आणि लावल्यावर तळहात त्यावर काही मिनिटे ठेवून स्वस्थ बसा.

आठ दिवसांची प्लेट हा खर्चाचा प्रश्न आहे, हे मला समजते आणि त्यावर उपदेश करणे सोपे आहे. तरीही सांगते: इलिओस्टॉमीची प्लेट साधारण तीन ते चार दिवसांनी बदलावी आणि उन्हाळ्यात घामामुळे कधी त्याआधीही. कडेची चिकटपट्टी गळती थांबवत नाही. ती फक्त लपवते, आणि खाली कातडी सोलत राहते. बुधवार आणि रविवार असे वार ठरवा आणि सकाळी चहाच्याही आधी बदला, कारण त्या वेळी स्टोमा सर्वांत शांत असतो. प्लेट आणि पिशवी वेगवेगळी असणारा दोन भागांचा प्रकार तुम्हाला परवडतो का, हे विचारून पाहा. मुंबईत ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही स्टोमा असलेल्यांसाठी काम करणारी संस्था आहे आणि टाटा स्मारक रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे. तुमची शस्त्रक्रिया जिथे झाली तिथल्या समाजसेवा विभागालाही मदतीबद्दल विचारावे. यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

फुगण्याबद्दल थोडक्यात लिहिते. फिल्टर असलेली पिशवी घ्या, पण पातळ मळाने तो लवकर भिजतो आणि मग निकामी होतो, हे लक्षात ठेवा. अंघोळीच्या वेळी त्यावर खोक्यातला स्टिकर लावा. उपाशी राहिल्याने हवा कमी होत नाही, उलट रिकाम्या आतड्यात ती अधिक होते. त्यामुळे डबा न नेण्याने तुम्ही फुगणे वाढवूनच घेतले आहे. घाईने जेवणे, जेवताना बोलणे आणि सोडायुक्त पेये यांनीही पोटात हवा जाते.

आहाराची फार मोठी यादी मी देणार नाही, कारण एकाला सोसते ते दुसऱ्याला सोसत नाही. कांदा, लसूण, मुळा, कोबी, फुलकोबी, अंडी आणि मासे यांनी वास वाढू शकतो. एका वेळी एकच पदार्थ तीन दिवस बंद करून तुमच्या वहीत फरक दिसतो का ते पाहा, दिसला नाही तर पुन्हा खा. ताकाने अनेकांना वास कमी झाल्यासारखा वाटतो. भात, पिकलेले केळे, उकडलेला बटाटा आणि साबुदाण्याची खीर यांनी मळ दाट होतो. साबुदाण्याची खिचडी मात्र जपून, कारण तिच्यातले शेंगदाणे नीट चावले गेले नाहीत तर स्टोमाच्या तोंडाशी अडकू शकतात. मक्याचे कणीस, ओले-सुके खोबरे, अळंबी, संत्र्याच्या फोडींवरची साल आणि शेवग्याच्या शेंगांचे तंतू यांचेही तसेच. पोटात कळा येऊन चार-सहा तास पिशवीत काहीच आले नाही आणि उलट्या सुरू झाल्या, तर अडथळा समजून रुग्णालयात जा. अशा वेळी जुलाबाचे किंवा जुलाब थांबवण्याचे कोणतेही औषध घरी घेऊ नका. प्रवाह जास्त असल्याचे तुमच्या नोंदींवरून दिसले, तर डॉक्टर आतड्याची गती कमी करणारे लोपेरामाइड हे औषध देऊ शकतील. ते जेवणाआधी सुमारे अर्धा तास घेतल्यास अधिक उपयोगी पडते, पण मात्रा त्यांनीच ठरवायची. तुम्ही घेत असलेल्या इतर गोळ्यांपैकी एखादी न विरघळता पिशवीत दिसली तर तेही त्यांना सांगा. बीट खाल्ल्यावर मळ लाल दिसला तर घाबरू नका.

१९५४ साली डेन्मार्कमधल्या एलिसे सोरेनसन या परिचारिकेने कातडीला चिकटणाऱ्या, वापरून टाकून देण्याच्या पिशवीची कल्पना मांडली. तिच्या बहिणीला स्टोमा झाला होता आणि गळतीच्या धास्तीने ती लोकांत जाईनाशी झाली होती. लग्नाला जावे की नाही हा तुमचा प्रश्न वाचताना मला ती बहीण आठवली. तुमचे नाक पिशवीपासून दीड-दोन फुटांवर आहे आणि मनाने ते त्याहूनही जवळ आहे. वर्गातल्या मुलांचे तसे नाही. वास खरोखर येतो का, हे ठरवण्यासाठी पत्नीशी एकदा स्पष्ट करार करा: येत असेल तर तिने एका ठरलेल्या शब्दाने सांगायचे, आणि सांगितले नाही तर तुम्ही पुन्हा विचारायचे नाही. उदबत्तीचे काय करायचे ते तिच्यावर सोडा. कदाचित ती देवासाठीच लावत असेल.

शाळेतही एक सोय करून घ्या. मुख्याध्यापकांना विश्वासात घेऊन शिक्षकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली मागा आणि मधल्या सुट्टीत, म्हणजे पिशवी भरायची वाट न पाहता, ती रिकामी करण्याचा नेम ठेवा. डब्यात मऊ भात किंवा चपाती आणि साधी भाजी, तर बाटलीत ओआरएस किंवा मीठ घातलेले ताक न्या. आतड्याला वेळापत्रक आवडते, आणि जेवणाच्या वेळा ठरल्या की मळाच्याही ठरू लागतात. रात्रीचे जेवण सातच्या आत केलेत तर पहाटेची पिशवी हलकी असेल. तरीही झोपण्यापूर्वी ती रिकामी करा आणि काही दिवस मध्यरात्रीचा गजर लावा.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी प्लेट बदला, त्याच दिवशी नको, म्हणजे नवी प्लेट नीट बसली आहे हे पाहायला एक रात्र मिळते. घरीच भोक कापून ठेवलेल्या दोन प्लेटा, दोन पिशव्या, टिश्यू, पाण्याची छोटी बाटली, जुने वर्तमानपत्र, काळ्या पिशव्या आणि एक सदरा-पायजमा असे सामान हातातल्या पिशवीत ठेवा, बसच्या टपावरच्या किंवा डिकीतल्या बॅगेत नव्हे. उन्हात तापलेल्या गाडीत प्लेटा ठेवू नका, त्यांचा चिकट थर वितळतो. वापरलेली पिशवी संडासात टाकू नये. ती रिकामी करून वर्तमानपत्रात गुंडाळावी आणि सॅनिटरी कचऱ्यात द्यावी. कार्यालयात पोहोचलात की आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहून ठेवा. पंगतीत वरणभात, मठ्ठा आणि थोडी बटाट्याची भाजी बिनघोर खा, जिलेबी एखादीच, आणि मक्याची कोशिंबीर पानात पडली तर ती शेजाऱ्याला देऊन टाका.